भिंत कोणाची, नाव कोणाचे, निगा कोणाची?
(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



स्मृतिव्याख्यान देणाऱ्याने दोन पथ्ये पाळायची असतात. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्यांना शोभणार नाही असे बोलू नये, आणि ऐकणाऱ्यांची शेवटची लोकल चुकेल इतके बोलू नये. पहिले पथ्य पाळायचा मी प्रयत्न करीन. दुसरे पाळले नाही, तर पुण्याकडच्या मंडळींनी खुशाल उठून जावे.

आजचा विषय मावळातल्या सार्वजनिक भिंतींचा आहे. शाळेची भिंत, स्टेशनची भिंत, पुलाखालची, पाण्याच्या टाकीची, लेण्याची. त्यांवर कोणी काय काढले, कोणाच्या पैशाने काढले आणि पुढे त्याचे काय झाले, हे मला तुमच्याबरोबर पाहायचे आहे. कोरीव काम मी चित्रातच धरतो. कार्ल्याच्या दर्शनी भागापुढे उभे राहिल्यावर शिल्पकाराचा प्रांत कुठे संपला आणि चित्रकाराचा कुठे सुरू झाला, हे सांगायला कोणी धजणार नाही.

सार्वजनिक चित्र पाहताना मी तीन प्रश्न विचारतो. भिंत कोणाची? नाव कोणाचे? निगा कोणाची? चित्र चांगले की वाईट, हा चौथा प्रश्न झाला. पहिल्या तिन्हींची उत्तरे नीट असतील तर चौथ्याचे उत्तर बहुधा चांगलेच येते, असे माझे मत आहे. ते मावळाच्या भिंतींवर तपासून पाहू.

सुरुवात कार्ल्यापासून. तिथला चैत्य भारतातला सर्वांत मोठा कोरीव चैत्य आहे. लांबी सुमारे १२४ फूट, उंची ४५ फुटांच्या आसपास. छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. शाळेच्या सहलीत एवढे सांगून मास्तर मुलांना पायऱ्या उतरवतात. माझा विषय मात्र तिथल्या खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत कोरलेला आहे. ती अक्षरे म्हणजे देणाऱ्यांची नावे. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल लिहून ठेवतो की जंबुद्वीपातले हे उत्तम शैलगृह आपण पूर्णत्वाला नेले. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाने दिला. हत्तींच्या कामासाठी इंद्रदेव नावाच्या स्थविराने दान दिले. धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे परदेशी मंडळींनी, एकेक खांब दिला, तर सोपाऱ्याच्या एका भिक्षूने एक दिला. अत्तरे विकणाऱ्या गांधिकाचे नाव आहे. दरवाजाचे काम केलेल्या सुताराचेही आहे. वेणुवासाचा मुलगा सामी, गाव धेनुकाकट.

म्हणजे एवढे मोठे काम कोण्या एका राजाने एका हुकुमात उभे केलेले नाही. राजेलोक आले ते नंतर, आणि भिक्षूंच्या चरितार्थाची सोय करायला. नहपान राजाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना करजिक गाव दिले, त्याचा लेखही तिथेच आहे. चैत्य उभा राहिला तो सावकार, अत्तरवाला, सुतार, भिक्षू आणि परदेशी व्यापारी यांच्या वर्गणीतून. आपल्याकडे वर्गणीच्या गणपतीचे कौतुक असते. वर्गणीचे लेणे त्याच्या जवळजवळ दोन हजार वर्षे आधीचे आहे.

भाज्याला गेलात तर हीच गोष्ट अधिक साध्या रूपात दिसेल. इथला चैत्य कार्ल्याहून जुना, इसवी सनापूर्वीचा. इथल्या एका लेखात बाधा नावाच्या बाईचे दान नोंदलेले आहे, आणि तिची ओळख सांगितली आहे ती नांगर धरणाऱ्याची बायको म्हणून. भूतपालाच्या तोडीचे तिने काय दिले असेल? मोजायला गेले तर फार थोडे. तरी तिचे नाव दगडात आहे, आणि आज मी ते तुमच्यासमोर घेतो आहे. भिंत आपली आहे असे नांगऱ्याच्या बायकोला वाटावे, यासाठी तिचे नाव तिथे असावे लागते. ही समज त्या काळच्या मंडळींना होती.

यातली एक खोच मी लपवणार नाही. नावे आहेत ती बहुतेक देणाऱ्यांची. ज्यांनी छिन्नी धरली, वर्षानुवर्षे दगडाची धूळ खाल्ली, त्यांची नावे फारशी नाहीत. सामी सुतार हा भाग्यवान अपवाद. देणाऱ्याचे नाव ठसठशीत आणि करणाऱ्याचे गायब, ही आपली फार जुनी खोड आहे, आणि ती पुढेही भेटणार आहे.

आता निगेचा प्रश्न. कामशेतहून पवनेच्या बाजूला गेले की बेडशाची लेणी लागतात. चैत्याच्या दारापुढचे उंच खांब, त्यांच्या माथ्यावर घोड्या-हत्तींवर बसलेली जोडपी. असे काम महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचे दान इथे नोंदलेले आहे. या चैत्याच्या आत एके काळी गिलावा होता आणि गिलाव्यावर चित्रे होती. एकोणिसाव्या शतकात, १८६१ पर्यंत, या लेण्यांची डागडुजी आणि रंगरंगोटी होत असे. इंग्रज साहेब लेणी बघायला येणार म्हटले की स्थानिक अंमलदार ती स्वच्छ करून, रंग देऊन ठेवत. त्या स्वच्छतेत जुन्या भित्तिचित्रांचे उरलेसुरले अवशेष गेले.

हे कोणी दुष्टाव्याने केले नाही. मूर्तिभंजक आले नव्हते, लढाई झाली नव्हती. अंमलदारांना काम चोख दाखवायचे होते. साहेबाच्या डोळ्यांना भिंत पांढरी दिसली, शेरा चांगला मिळाला असेल, आणि शेकडो पावसाळे काढलेली चित्रे चुन्याच्या कुंचल्याखाली गेली. वरून येणाऱ्या पाहुण्यासाठी भिंत सजवली की भिंतीचे भले होतेच असे नाही. बेडशाचा हा धडा आजचे प्रत्येक तपासणी पथक येण्याच्या आदल्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे.

आता रेल्वेमार्गाकडे येऊ. बोरघाटातून गाडी धावू लागली १८६३ साली. लोणावळ्याहून पुण्याकडे निघाले की पहिलेच स्टेशन मळवली. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, यंत्रे जर्मनीहून आणली, आणि पुढे १८९९ मध्ये तो छापखाना मळवलीला हलवला. मुंबईत तेव्हा प्लेगने हाहाकार उडवला होता. मळवलीला मोकळी हवा, मुबलक पाणी आणि दाराशी रेल्वे. थोड्याच वर्षांत फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने छापखाना विकत घेतला.

तुम्ही म्हणाल, छापील तसबिरीचा भित्तिचित्राशी काय संबंध? संबंध असा की त्या काळी सामान्य माणसाच्या घरातली भिंत मोठ्या प्रमाणावर चित्राची झाली ती या तसबिरींमुळे. तोवर भिंतीवर चित्रे काढून घेणे वाड्यांना आणि देवळांना परवडे. मळवलीत छापलेली लक्ष्मी आणि सरस्वती रेल्वेने गावोगाव गेली, आणि ज्या घरात दुसरा दागिना नव्हता तिथल्या देवघरावर जाऊन बसली. कोणी त्या तसबिरींवर जर शिवली, कोणी टिकल्या लावल्या, कोणी देवीला खऱ्या कापडाची साडी नेसवली. चित्रकाराच्या कामात घरच्या बायकांनी आपले काम मिसळले. कलासमीक्षकांनी या तसबिरींना पुष्कळ नावे ठेवली आहेत. पण घरच्या माणसाला त्यात हात घालावासा वाटला, हे मी त्यांचे मोठे यश समजतो.

आता दुसरा प्रश्न, नाव कोणाचे? प्रत्येक छापावर रविवर्मांचे. ते योग्यच. पण एक रंगीत शिळाछाप निघायला काय लागे ते पाहा. मूळ तैलचित्र पाहून त्यातला प्रत्येक रंग वेगळा काढायचा. प्रत्येक रंगासाठी चुनखडीची वेगळी शिळा घासून गुळगुळीत करायची. तेलकट खडूने आणि शाईने तिच्यावर उलटे चित्र काढायचे. मग एकच कागद एकामागून एक साऱ्या शिळांवरून असा न्यायचा की एक रंग दुसऱ्यावरून केसभरही सरकू नये. लक्ष्मीच्या गालावरची लाली जागच्या जागी बसली, तर ती बसवणाऱ्या कारागिराचे नाव कोणाला माहीत नाही. कार्ल्याची खोड मळवलीत अशी पुन्हा भेटते.

या मंडळींत एकाचे नाव मात्र उरले, आणि तेही दुसऱ्याच कामासाठी. दादासाहेब फाळके या छापखान्यासाठी काम करीत. ठसे, छायाचित्रण, छपाई यांतली त्यांची तयारी काही अंशी लोणावळ्याच्या या परिसरात झाली. १९१३ साली पडद्यावर हरिश्चंद्र उभा राहिला त्यामागे मावळातली ही उमेदवारी आहे. मोठी माणसे घडतात ती चार जणांनी मिळून केलेल्या कामात, याला मळवलीइतका चांगला दाखला शोधावा लागेल.

आणि निगा? १९७२ साली छापखान्याला आग लागली. शिळा, छाप, पिढ्यांचा साठा बव्हंशी गेला. आज मळवली स्टेशनवर उतरून भाज्याकडे आणि लोहगडाकडे जाणाऱ्या हजारो तरुणांपैकी किती जणांना ठाऊक असते की घरात आजीने पुजलेली लक्ष्मी याच गावाहून आली असेल? स्टेशनच्या भिंतीवर तेवढे चित्र काढायला एक चांगला पेंटर आणि थोडा रंग पुरेल.

विसाव्या शतकात सरकारनेही भित्तिचित्रे मनावर घेतली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९२० च्या सुमारास भित्तिचित्रणाचा वर्ग सुरू केला, आणि त्या परंपरेतल्या विद्यार्थ्यांनी नव्या दिल्लीच्या सचिवालयात चित्रे काढली. चित्रे मेहनतीची, पण भिंती पहाऱ्यातल्या. फाईल घेऊन जाणाऱ्या कारकुनाखेरीज ती कोणी पाहायची? सरकारी असलेली प्रत्येक गोष्ट सार्वजनिक असतेच असे नाही.

याच्या उलट टोकाला वारली चित्र. कुडाची भिंत, शेणाने सारवलेली, त्यावर गेरू, आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. लग्नात सवाशिणी चौक लिहीत, धवलेरी गाणी म्हणे, आणि चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नसे. चित्र कोणाचे, हा प्रश्नच तिथे नव्हता. जिव्या सोमा म्हसे या पुरुषाने हातात काडी घेतली आणि रोजच्या जगण्याचे विषय त्या रेषेत आणले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर त्यांचे प्रदर्शन जर्मनीत भरले. दोघांनी एकमेकांची नक्कल न करता शेजारी शेजारी काम केले, याला मी सहयोग म्हणतो.

आता आपल्या तालुक्यातल्या आजच्या भिंती पाहा. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावोगावच्या भिंती बोलू लागल्या. पुढे स्वच्छ सर्वेक्षण आले. लोणावळा नगरपरिषदेने त्यात नाव कमावले. एक लाखाच्या आतल्या शहरांत २०२० मध्ये तिसरा आणि २०२१ मध्ये दुसरा क्रमांक, ही लहान गोष्ट नाही. पर्यटकांनी फेकलेला कचरा उचलणाऱ्या कामगारांचे ते यश आहे, आणि त्याबद्दल टाळ्या वाजवायला हरकत नाही.

पण अशा स्पर्धांच्या लाटेत राज्यभर भिंती कशा रंगल्या? निविदा निघते, चौरस फुटाचा दर ठरतो, तारीख ठरते. रंगाऱ्याला आठवडाभरात कितीतरी भिंती उरकायच्या असतात. मग मोबाइलवरून घेतलेली नक्षी, हातात हात घातलेल्या वारली आकृत्या, एक झाड, एक पृथ्वी, एक घोषवाक्य. ज्या डहाणू-तलासरीच्या बायकांची ती रेषा, त्यांना त्यातला पैसाही नाही आणि उल्लेखही नाही. खाली नाव असते ते योजनेचे आणि पदाधिकाऱ्यांचे. पेंटरचा असतो तो मोबाइल नंबर. दोन पावसाळ्यांत पृथ्वीचे पोपडे निघतात, आणि पुढच्या तपासणीला तीच भिंत नव्याने रंगते. बेडशाचा अंमलदार अजून सेवानिवृत्त झालेला नाही.

दोष मी रंगाऱ्याला देत नाही. तो हातचा कसबी माणूस आहे. दुकानाच्या पाट्या, ट्रकची मागची बाजू, देवळाचा कळस, सगळे त्याने केलेले असते. फ्लेक्स आल्यापासून त्याचे पाट्यांचे काम गेले. त्याला विचारावे, वेळ द्यावा, दाम द्यावा, तर तो काय करील याची आपल्याला कल्पना नाही, कारण तसे आपण त्याला कधी विचारलेलेच नाही.

विचारून केलेल्या कामाचे एक उदाहरण मुंबईचे आहे, पण त्याची नाळ आपल्या डोंगराशी आहे. ससून गोदीत २०१७ साली 'स्टार्ट इंडिया' या संस्थेने कलाप्रकल्प केला. देशोदेशीचे कलावंत आले. त्यांनी बाहेरची चित्रे आणून चिकटवली नाहीत. तिथे मासळी उतरवणाऱ्या, सोलणाऱ्या, विकणाऱ्या कोळी बायकांचे आणि कामगारांचे चेहरे भिंतींवर चढले. पहाटे टोपली घेऊन येणारी बाई स्वतःचा दोन मजली चेहरा पाहू लागली. प्रदर्शन पाहायला शहरातली मंडळी त्या वासात नाक न मुरडता आली. हाच कोळी समाज चैत्रात पालख्या घेऊन कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला येतो. देऊळ उभे आहे ते चैत्याच्या दारात. वर्गणीचे लेणे आणि नवसाची देवी एकाच अंगणात नांदतात. मावळात सामुदायिक प्रदर्शन भरवायचे, तर चैत्राच्या यात्रेइतका मोठा प्रेक्षक आणि पायथ्याइतके मोठे दालन कुठे मिळणार?

इथे चित्रकार मित्र एक आक्षेप घेतात. गावाला विचारून चित्र काढायचे म्हटले तर गाव ठराविक विषयांपलीकडे जात नाही, म्हणतात. पहिल्या बैठकीत तसेच होते, हे खरे. दुसऱ्या बैठकीत म्हातारी माणसे बोलू लागतात. मग मावळाकडे विषय किती आहेत ते कळते. वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी तांदूळ आणि त्याची लावणी करणाऱ्या बायका. बोरघाट फोडताना साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी मेलेले हजारो मजूर, ज्यांचे नाव एकाही बोगद्यावर नाही. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना, १९०८ सालचा. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभा करायचा, ही त्यामागची कल्पना. भूतपाल आणि बाधा यांच्याच वंशातली ती कल्पना नव्हे काय? यातले कुठलेही चित्र इंदूरच्या किंवा सुरतच्या भिंतीवर चालणार नाही. ते मावळातच शोभेल.

थोडे व्यवहाराचेही बोलतो, कारण सभागृहात शिक्षक आणि सरपंच मंडळी दिसताहेत. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंत जमिनीतून आणि माथ्यावरून ओल घेते. रंग कितीही महाग आणा, ओली भिंत तो धरत नाही. म्हणून पावसाळा संपल्या संपल्या काम काढू नये. दिवाळी होऊ द्यावी, भिंत सुकू द्यावी. जुने पोपडे आणि शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून काढावे, भेगा भराव्यात, माथ्यावर पाणी निथळायला पट्टी काढावी, मग अस्तर, मग चित्र. या तयारीला चित्राइतकेच पैसे लागतात, आणि अंदाजपत्रकात तेवढेच विसरले जातात. काही भिंती रंगासाठी नसतातच. काळा दगडी बांध, जुनी चिरेबंदी तटबंदी, लेण्याचा परिसर यांना हात लावू नये. २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला आहे. पायथ्याच्या गावांवर आता पाट्यांचा आणि रंगांचा पाऊस पडेल. तिथे सर्वांत मोठी कला हात आवरण्याची असेल.

माणसांची उणीव नाही. दरवर्षी शाळाशाळांतून मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षांना बसतात. त्यांचे कागद निकालानंतर कपाटात जातात. ग्रामसभेच्या दिवशी तेच कागद शाळेच्या व्हरांड्यात दोऱ्यावर लावा. गावाला आपली मुले काय पाहतात ते दिसेल, आणि भिंतीचा विषय तिथेच सापडेल.

श्रोतेहो, माझा निष्कर्ष थोडक्यात सांगतो. देणाऱ्यांनी नावे कोरली म्हणून कार्ले सगळ्यांचे झाले. बेडशाची चित्रे साहेबासाठी भिंत पुसल्याने गेली. मळवलीच्या तसबिरी घराघरांत शिरल्या, पण त्या करणारे हात विसरले गेले. या तिन्ही गोष्टी आपल्या तालुक्यात, एका दिवसात पाहून येण्याच्या अंतरावर आहेत. दुसऱ्या कुठल्या शहराचा आदर्श आणण्याची आपल्याला गरज नाही.

म्हणून माझी विनंती आहे. येत्या दिवाळीनंतर प्रत्येक गावाने एकच भिंत निवडावी. दहा नकोत, एक. विषय ग्रामसभेत ठरवा. गावातल्या किंवा शेजारच्या पेंटरला पुरेसे दिवस आणि पुरते पैसे द्या. दुसऱ्या समाजाची चित्रशैली वापरायची असेल तर त्या समाजाच्या कलावंताला बोलवा आणि त्याचे मानधन द्या. खर्चाचा काही भाग वर्गणीने उभा करा, मग ती दहा रुपयांची का असेना. चित्र पूर्ण झाले की खालच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहा. काढणाऱ्यांची नावे, ज्यांनी हातभार लावला त्यांची नावे, आणि दर पावसाळ्यानंतर भिंतीची डागडुजी कोण करणार त्याचे नाव. पदाधिकाऱ्यांची नावे लिहायची असतील तर ती वर्गणीदारांच्या यादीत लिहा, पावती फाडल्यावर.